जुने जपानी तान्सू : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तान्सू म्हणजे नक्की काय?

खणांचं जपानी लाकडी कपाट. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात ते रूढ होऊ लागलं. त्याआधी कपडेलत्ते झाकणाच्या लांब पेटीत, म्हणजे नागामोचीत ठेवत. आपला पेटाराच म्हणा ना. पेटाऱ्यात तळाशी गेलेली वस्तू हवी असेल तर वरचं सगळं उपसावं लागतं. खणांनी ती कटकट संपवली. पण खण करायचे तर एकसारख्या पातळ फळ्या हव्यात आणि हात बसलेला सुतार हवा. त्यामुळे बराच काळ तान्सू व्यापारी, सामुराई आणि सधन शेतकरी यांच्याच घरी दिसत.

हे कपाट बैठकीत मांडून ठेवायची वस्तू नव्हतं. ते भिंतीतल्या फडताळात, आतल्या खोलीत किंवा जाड मातीच्या भिंतींच्या कोठारात असायचं आणि दिसायची ती फक्त त्याची पुढची बाजू. म्हणून सगळी सजावट पुढे आणि पाठीला नुसत्या पातळ फळ्या. 'पाठ इतकी साधी कशी, फसवलं तर नाही ना?' असं हमखास विचारलं जातं. पाठ साधीच असते. ती गुळगुळीत आणि पॉलिश केलेली दिसली, तर मात्र जरूर शंका घ्या.

बाजारात मिळतात ते तान्सू किती जुने असतात?

बहुतेक मेइजी (१८६८–१९१२) आणि ताइशो (१९१२–१९२६) काळातले. एदो काळातले (१६०३–१८६८) खरे नग कमी आहेत आणि 'एदो' हा शब्द विक्रेत्यांच्या तोंडी मात्र जरा जास्तच असतो. एदो काळात कोणी काय वापरावं यावर दर्जानुसार बंधनं होती. मेइजीत ती सुटली, लोकांच्या हातात पैसा आला आणि मुलीच्या लग्नात तान्सू देण्याची पद्धत सर्वदूर पसरली. १८७६ मध्ये सामुराईंना तलवार बाळगायला बंदी झाली, तेव्हा तलवारींच्या कामावर पोट असलेले काही कारागीर कपाटांच्या लोखंडी कामाकडे वळले. जाड, कोरीव लोखंड मिरवणारे बरेचसे तान्सू या काळातले आहेत.

मुख्य प्रकार कोणते?

सर्वात जास्त मिळतो तो इशो-दान्सू, म्हणजे कपड्यांचा (जोडशब्दात तान्सूचं दान्सू होतं). तो बहुधा दोन भागांत, एकावर एक रचलेला असतो. वर रुंद खण, खालच्या भागात आणखी रुंद खण आणि एका कोपऱ्यात कुलपाचं छोटं दार, ज्याच्या आड लहान खण असतात. रुंदी साधारण ९० ते १२० सेंमी, खोली ४० ते ४५. ही मापं घडी घातलेल्या किमोनोवरून ठरली आहेत.

चोबा-दान्सू दुकानदाराचा: हिशेबाच्या वह्या, पैसे, शिक्के ठेवण्यासाठी, त्यामुळे लहान-मोठे खण आणि सरकती दारं एकाच कपाटात. मिझुया स्वयंपाकघरातला: भांडी आणि अन्न ठेवण्याचा, जाळीच्या किंवा पट्ट्यांच्या सरकत्या दारांचा, पुष्कळदा माणसाच्या उंचीचा. बिवा तलावाकाठच्या ओमी भागातले मिझुया प्रसिद्ध आहेत. कुसुरी-दान्सू वैद्याचा, त्याला छोट्या खणांच्या ओळीच्या ओळी असतात. काताना-दान्सू तलवारींचा, लांब आणि बुटका.

काइदान-दान्सू म्हणजे जिन्याच्या पायऱ्यांचं कपाट. फोटोत फार देखणं दिसतं, म्हणून याच्या नकलाही सर्वात जास्त.

कुरुमा-दान्सू चाकांचा. आग लागली की ढकलत बाहेर न्यायचा, ही त्यामागची कल्पना. पण १६५७ च्या मेइरेकीच्या महाभयंकर आगीत चाकांच्या मोठ्या पेट्यांनी एदोचे (आजच्या तोक्योचे) रस्ते तुंबले आणि पळणाऱ्या माणसांना वाट राहिली नाही. १६८३ मध्ये एदो, क्योतो आणि ओसाकात चाकांच्या पेट्यांवर बंदी आली. गावाकडे मात्र त्या पुढेही होत राहिल्या.

आणि फुना-दान्सू, जहाजावरची तिजोरी. ओसाकाहून जपानच्या समुद्राच्या बाजूने उत्तरेला होक्काइदोपर्यंत व्यापार करणाऱ्या कितामाए जहाजांवर मालकाचे परवाने, पैसे आणि शिक्के यात असत. सादो बेटावरचं ओगी, साकाता आणि मिकुनी ही याची तीन केंद्रं. बाहेर जड केयाकी लाकूड आणि त्यावर लोखंडाची चिलखतासारखी पत्रेजडण, आत हलकं किरी लाकूड आणि एकात एक लपवलेले चोरकप्पे. आकाराने लहान, वजनाला भारी आणि किमतीला त्याहून भारी.

कोणतं लाकूड वापरतात? सागाच्या तुलनेत कसं?

चार लाकडं ओळखता आली तरी पुष्कळ झालं.

किरी फिकट, रुपेरी-तपकिरी आणि कमालीचं हलकं. घनता ०.३ च्या आसपास, म्हणजे सागाच्या निम्म्याहून कमी. नखाने सहज खूण उमटते. हवा दमट झाली की किरी फुगतं आणि खणाची फट बंद होते, त्यामुळे आतले कपडे कोरडे राहतात. हवा कोरडी झाली की फट पुन्हा उघडते. कपड्यांच्या कपाटासाठी याला तोड नाही. मुलगी झाली की किरीचं झाड लावायचं आणि तिच्या लग्नात त्याचा तान्सू करायचा, अशी रीत जपानात सांगतात. हे झाड झपाट्याने वाढतं म्हणून ते जमायचंही. 'किरी जळत नाही' हे मात्र खरं नाही. ते उशिरा पेट घेतं आणि आधी वरचा थर कोळसा होतो, एवढंच.

केयाकी जड, टणक, ठळक रेषांचं. ते बहुधा फक्त दर्शनी भागाला असतं, कारण पूर्ण कपाट केयाकीचं केलं तर ते न उचलणारं आणि न परवडणारं होईल. सुगी म्हणजे जपानी देवदार, मऊ आणि सरळ रेषांचा. कपाटाचा सांगाडा, पाठ आणि खणांचे तळ पुष्कळदा याचे. हिनोकी (जपानी सायप्रस) मिझुयात दिसतं. तेव्हा 'सॉलिड केयाकी' असं कोणी म्हटलं तर खण बाहेर काढून बाजूची फळी बघा. ती सुगीची किंवा किरीची असेल तर त्यात फसवणूक नाही, ती रीतच आहे. फक्त विक्रेत्याला माल माहीत नाही हे कळतं.

प्रदेशानुसार फरक कसा ओळखायचा?

लोखंडावरून. सेंदाईच्या तान्सूला केयाकीचा दर्शनी भाग, त्यावर पारदर्शक लालसर उरुशी (झाडाच्या चिकाचं लॅकर) आणि ड्रॅगन, सिंह, पिओनीची फुलं उठावात ठोकलेले मोठे पत्रे असतात. त्याचं ठरलेलं माप चार शाकू रुंद आणि तीन शाकू उंच. एक शाकू म्हणजे ३०.३ सेंमी, तेव्हा अंदाजे १२१ बाय ९१. जपान सरकारने २०१५ मध्ये सेंदाई-दान्सूला पारंपरिक हस्तकलेचा दर्जा दिला. इवाते प्रांतातला इवायादो त्याचा जवळचा नातेवाईक. निइगाताचं कामो आणि साइतामाचं कासुकाबे ही उघड्या किरीच्या साध्या, स्वच्छ तान्सूंची गावं. तिथे लोखंड कमी, जुळणी फार बारीक.

वय कसं तपासायचं?

पुढून बघू नका. पुढची बाजू विक्रेत्याने तुमच्यासाठी तयार केलेली असते. एक खण पूर्ण बाहेर काढा, उजेडात उलटा करा आणि या क्रमाने बघा.

आधी खिळे. जुन्या खणाच्या फळ्या लाकडी खिळ्यांनी जोडलेल्या असतात. हे खिळे उत्सुगी नावाच्या टणक झुडपाचे, तांदळाच्या कोंड्यासोबत भाजून आणखी कडक केलेले. कडेला २–३ मिमीचे गडद ठिपके एका ओळीत दिसतील. इंग्रजी पद्धतीच्या फर्निचरमध्ये खणाच्या कोपऱ्यात डोव्हटेल सांधा शोधायची सवय असते. तो इथे नाही म्हणून काम हलकं ठरत नाही, इथे खाच पाडून लाकडी खिळे मारायची पद्धत आहे. लोखंडी खिळे असतील तर जुने घडीव खिळे चौकोनी असतात. तारेचे गोल खिळे जपानात मेइजी काळात आले. ते मूळ जागी असतील तर नग मेइजीच्या उत्तरार्धाआधीचा नाही. अधिक चिन्हासारख्या खाचेचे स्क्रू दिसले तर ती दुरुस्ती दुसऱ्या महायुद्धानंतरची.

मग मुठीचे पाय. प्रत्येक मूठ दोन दुपाखी लोखंडी पिनांनी धरलेली असते. पिन पुढून आत येते आणि तिचे पाय आतल्या बाजूने फाकवून लाकडात ठोकतात. मूळ मूठ असेल तर त्या पायांभोवती गंजाचा काळा डाग लाकडात मुरलेला असतो आणि पाय लाकडात किंचित रुतलेले असतात. शेजारी बुजवलेली जुनी भोकं दिसली, किंवा पत्र्याच्या कडेबाहेर वेगळ्या आकाराची फिकट सावली दिसली, तर लोखंड बदललेलं आहे.

मग झीज. खणाच्या बाजूंची खालची कड मागच्या बाजूला गोल झिजलेली हवी आणि तिला साजेशी झीज आतल्या पट्ट्यांवरही हवी. खण झिजलेला आणि पट्टी कोरी, असं असेल तर दोन्हींपैकी एक बाहेरून आलेलं आहे.

शेवटी रंग. खणाचा आतला तळ आणि बाहेरचा तळ यांचा रंग वेगळा असतो. दोन्हीकडे सारखा तपकिरी रंग म्हणजे चहाच्या पाण्यात किंवा डायमध्ये न्हाऊन निघालेलं नवं लाकूड.

मागे शाईने काहीतरी लिहिलंय. त्याचा काय उपयोग?

फार मोठा. खणाच्या मागे किंवा पाठीवर कधी मालकाचं नाव, गाव आणि राजवटीचं वर्ष असतं. फोटो काढून जपानी वाचणाऱ्याकडून वाचून घ्या. मेइजी वर्षात १८६७ मिळवा, ताइशो वर्षात १९११, शोवा (१९२६–१९८९) वर्षात १९२५. मेइजी ३२ म्हणजे १८९९, ताइशो ५ म्हणजे १९१६. ही तारीख खरेदीची किंवा लग्नाची असू शकते, बनवल्याचीच असेल असं नाही. खणांच्या मागे नुसते आकडे असतील तर ते त्या खणाची जागा सांगतात. प्रत्येक खण आपल्याच जागेत नीट बसतो, अदलाबदल करू नका.

नक्कल किंवा दुसऱ्या देशाचा नग कसा ओळखावा?

दोन गोंधळ नेहमीचे. पहिला कोरियाच्या बांदाजीशी. त्याच्या पुढच्या बाजूचा वरचा अर्धा भाग बिजागऱ्यांवर खाली पडतो, आणि त्यावर पितळी किंवा लोखंडी काम भरपूर असतं. तोही सुंदरच, पण तान्सू नव्हे. दुसरा गोंधळ चीनमध्ये एल्म लाकडात बनवलेल्या 'तान्सू शैली'च्या कपाटांशी. त्यांचे पत्रे सगळीकडे एकाच जाडीचे, कडा यंत्राने कापलेल्या आणि काळा रंग एकसारखा असतो. हाताने कापलेल्या पत्र्याच्या मागच्या बाजूला कानशीचे ओरखडे असतात आणि एका टोकाची जाडी दुसऱ्याशी जुळत नाही. काइदान-दान्सू असेल तर पायरीच्या मधोमध पावलांची झीज आहे का तेही बघा.

फोटोवरून घेताना काय मागायचं?

पाठीचा पूर्ण फोटो, तळाचा फोटो, प्रत्येक खण बाहेर काढून वरून एक आणि उलटा करून एक, कुलपांच्या आतल्या बाजूचे फोटो, आणि एक छोटा व्हिडिओ ज्यात सगळे खण एकामागून एक उघडून बंद केले आहेत. विक्रेता पाठीचा फोटो द्यायला टाळाटाळ करत असेल तर पुढे जाऊ नका. 'रिस्टोर्ड' लिहिलं असेल तर नेमकं काय केलं ते विचारा: नुसतं धुतलं, वरून रंधा मारला की पॉलिश बदललं. आणि जिन्याचं वळण, लिफ्टचं दार मोजायला विसरू नका. दोन भागांचा तान्सू सुटा होतो, एकसंध मिझुया होत नाही.

भारतात आणताना कागदपत्रांचं काय?

शंभर वर्षांहून जुन्या वस्तू कस्टममध्ये ९७०६ या शीर्षकाखाली येतात. पण वय सिद्ध करायची जबाबदारी तुमची, म्हणून विक्रेत्याच्या लेटरहेडवर काळ, लाकूड आणि मापं लिहिलेलं पत्र घ्या. शंभरहून कमी असेल तर ते साधं जुनं फर्निचर ठरतं आणि शुल्काचं गणित बदलतं. ताज्या दरांसाठी क्लिअरिंग एजंटला आधीच विचारा. जपानमधून निर्यात करताना नग संरक्षित सांस्कृतिक वारशाच्या यादीत नाही, असं तिथल्या सांस्कृतिक खात्याचं प्रमाणपत्र मिळतं. महागड्या नगासाठी ते मागून घ्या. आपल्याकडच्या १९७२ च्या पुरावस्तू कायद्यामुळे शंभर वर्षांपलीकडच्या वस्तू देशाबाहेर नेण्यावर बंधनं आहेत. पुढे कधी परदेशी राहायला जाताना कपाट सोबत न्यायचं असेल तर आयातीचे मूळ कागद जपून ठेवा.

पॅकिंगच्या लाकडी खोक्यावर प्रक्रियेचा शिक्का हवा. त्या प्रक्रियेत लाकडाच्या गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअस ३० मिनिटं तापवतात. हे खोक्याला चालतं, उरुशी लावलेल्या तान्सूला नाही. तापवण्याचं काम पॅकिंगआधी, कपाट आत नसताना झालं पाहिजे, हे लेखी सांगा.

मुंबई, कोकण, गोव्याच्या हवेत हे टिकेल का? आणि पुणे-नागपुरात?

टिकतं. जपानचा पावसाळाही दमटच असतो. त्रास होतो तो हवा अचानक बदलल्याने. ४५ ते ६० टक्के आर्द्रता उत्तम, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे ती हळूहळू बदलली पाहिजे.

मुंबई-रत्नागिरीत जुलैत आर्द्रता ८५ टक्क्यांच्या वर जाते. खण घट्ट होतील, लोखंड गंजेल, मागे बुरशी येईल. कपाट भिंतीपासून ५ ते ८ सेंमी पुढे आणि जमिनीपासून २–३ सेंमी वर ठेवा, म्हणजे मागून हवा फिरते. बाहेरच्या भिंतीला, विशेषतः पावसाचा मारा होणाऱ्या बाजूला, लावू नका. पुणे-नागपुरात उलटं: एप्रिल-मेच्या दुपारी हवा ३० टक्क्यांच्या खाली कोरडी होते आणि केयाकीच्या रुंद फळीला चीर जाते. तिथे कूलरचा झोत कपाटावर येऊ देऊ नका. दिवसा ओलं वारं आणि रात्री कोरडी हवा, यापेक्षा वाईट काही नाही. एसीच्या झोताचंही तेच.

नवा आलेला नग शक्यतो ऑक्टोबर-नोव्हेंबरात घरात घ्या. खोकं उघडा, पण कपाटावर सुती चादर टाकून तीन-चार आठवडे बिनाएसीच्या खोलीत तसाच राहू द्या. या काळात दुरुस्तीला हात लावू नका. पहिल्या आठवड्यात दिसणारी निम्मी दुखणी आपोआप बरी होतात.

ऊन मात्र कुठेच चालत नाही. अतिनील किरणांनी उरुशीची चकाकी कायमची मरते.

पावसाळ्यात खण अडकतात. रंधा मारून घेऊ का?

नको! सुताराला बोलावून जुलैत रंधा मारला की जानेवारीत तोच खण खडखडतो आणि गेलेलं लाकूड परत येत नाही.

आधी अडकतंय कुठे ते शोधा. खणाच्या बाजूंच्या वरच्या-खालच्या कडांवर शिंप्याचा खडू घासा, खण हळू आत सरकवा, जोर न लावता बाहेर काढा. खडू जिथे पुसला गेला आणि आतल्या चौकटीवर उमटला, तिथेच घासतंय. खालच्या कडेवर उमटला तर पट्टी झिजून खण तिरपा बसतोय. वरच्या कडेवर, मधोमध उमटला तर वरची फळी वजनाने झुकली आहे. कपाटावर टीव्ही ठेवला असेल तर तो आधी उतरवा. दोन्ही बाजूंना सारखा उमटला तर ती ओल आहे, डिसेंबरपर्यंत थांबा.

कोरड्या दिवसांत कडांना पांढरी मेणबत्ती किंवा मधमाश्यांचं मेण घासा. साबण नको, तो ओल खेचतो. तेल तर अजिबात नको. किरी ते टीपकागदासारखं पितं आणि कपड्यांना डाग पडतात. झिजलेल्या पट्टीवर किरीची किंवा सुगीची बारीक पट्टी चिकटवणं हा योग्य इलाज आहे, आणि तो सुताराने कोरड्या महिन्यातच करावा.

एक खण बंद केला की दुसरा थोडा बाहेर येतो, अशी ख्याती ऐकून लोक जुन्या तान्सूकडून ती अपेक्षा ठेवतात. हवाबंद जुळणीचा तो गुण नव्या किंवा पूर्ण दुरुस्त केलेल्या किरीच्या कपाटात दिसतो. शंभर वर्षांच्या नगात तो नसेल तर दोष धरू नका.

रोजची साफसफाई कशी?

उघड्या किरीला पाणी लावायचं नाही, ओलं फडकंसुद्धा नाही. त्यावरचा रंग म्हणजे याशाबुशीच्या, एका झाडाच्या बोंडांच्या, काढ्यात कालवलेली तोनोको नावाची बारीक माती आणि वरून मेणाची पुसट झिलई. पाण्याचा थेंब पडला की गोल डाग राहतो. मऊ ब्रशने लाकडाच्या रेषेच्या दिशेने धूळ झटका. हाताचे मळके ठसे असतील तर पांढऱ्या खोडरबराने हलके घ्या.

उरुशी लावलेल्या भागाला घट्ट पिळलेलं मऊ सुती फडकं आणि लगेच कोरडं फडकं. काच पुसायचा स्प्रे, स्पिरिट, थिनर, फर्निचर पॉलिशचा फवारा यातलं काहीही नको.

लोखंड गंजलंय. घासून काळा रंग देऊ?

काळा तैलरंग दिलेलं लोखंड लगेच ओळखू येतं आणि नगाची किंमत घसरते. जुनं काळेपण लोखंड तापवून त्यावर उरुशी किंवा रेशीम भाजून आणलेलं असतं, ते पॉलिश पेपरने एका मिनिटात जातं. फक्त सुटा, लाल, बोटाला लागणारा गंज नायलॉनच्या ब्रशने काढा; पत्र्याच्या कडेने पोस्टकार्डाचा तुकडा सरकवून ठेवा म्हणजे लाकूड खरवडणार नाही. मग मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा अगदी पातळ हात, दहा मिनिटांनी फडक्याने पुसून. किनाऱ्याजवळ राहत असाल तर वर्षातून दोनदा, मेअखेर आणि ऑक्टोबरात. पत्रे उचकटून काढू नका, खिळे पुन्हा त्याच भोकात घट्ट बसत नाहीत.

किल्ली नाही. कुलूप लागलं तर?

म्हणूनच आधी ते लागू देऊ नका. काही कुलपं नुसती दाबली तरी बंद होतात. आतल्या जिभेपुढे जाड कागदाची घडी बसवा. लागलंच तर पुढून पटाशी घालू नका. पाठीची एक फळी लाकडी खिळे सैल करून काढा आणि खण मागून बघा. कुलपाची जीभ आतून दाबता येते का ते तिथून कळतं. ती फळी परत लावणं सोपं आहे, फुटलेला दर्शनी भाग जोडणं नाही.

कीड किंवा वाळवी आहे का कसं समजेल?

१–२ मिमीची भोकं दिसली म्हणून घाबरू नका. ती शंभर वर्षांपूर्वीचीही असतील. भोकाच्या कडा आतून गडद आणि धूळकट असतील तर जुनी, फिकट आणि स्वच्छ असतील तर ताजी. खात्रीसाठी कपाटाखाली काळा कागद दोन आठवडे पसरा. पांढरट पीठ पडलं तर कीड जिवंत आहे. उन्हाळ्यात ही तपासणी जास्त भरवशाची. किरीला कीड क्वचितच लागते; सुगीची पाठ, तळ आणि केयाकीच्या फळीची फिकट कड या तिच्या आवडत्या जागा.

एखाद-दुसरा सुटा खण असेल तर प्लॅस्टिकमध्ये हवा काढून घट्ट गुंडाळून उणे १८ अंशाच्या डीप फ्रीजरमध्ये दोन आठवडे ठेवतात, आणि बाहेर काढल्यावर एक दिवस तसाच गुंडाळलेला ठेवतात, नाहीतर लाकडावर दव जमतं. उरुशी लावलेला भाग फ्रीजरमध्ये घालू नका. पूर्ण कपाटाला लागण असेल तर फ्युमिगेशन करणाऱ्याला बोलवा. पेस्ट कंट्रोलचं तेलकट द्रावण किरीवर मारू देऊ नका, डाग कायमचे राहतील. वाळवीसाठी पायांखाली दगडाच्या किंवा धातूच्या चकत्या घाला. किरीला वाळवी सहसा शिवत नाही, पण कोकणातल्या वाळवीची हमी कोणी द्यावी?

पैठण्या आणि रेशमी साड्या ठेवल्या तर चालतील?

इशो-दान्सूचा तोच उपयोग आहे. किमोनो तातोशी नावाच्या कागदी पाकिटात, सुमारे ८७ बाय ३६ सेंमी, घडी घालून आडवे ठेवतात. साडीही तशीच लांब, कमी घड्यांची घाला, मलमलमध्ये गुंडाळा आणि चार-पाचांपेक्षा जास्त थर नको. खालच्या जरीवर वजन येतं. वर्षातून दोनदा घड्या बदला.

डांबरगोळ्या, कापूर आणि पॅराडायक्लोरोबेंझिनच्या गोळ्या यांपैकी कोणत्याही दोन एकाच खणात घालू नका. एकत्र आल्या की त्या वितळून ओल्या होतात, आणि कपड्यावरचा तो डाग जाता जात नाही. एकच प्रकार वापरा, कपड्याला थेट न टेकता, कोपऱ्यात पुरचुंडीत.

आमचा सुतार मेलामाइन पॉलिश मारून 'नव्यासारखं' करून देतो म्हणतो.

त्याला चहा द्या आणि परत पाठवा. लांबी भरणं, पॉलिश पेपर, स्पिरिटमधली चपडी, मेलामाइन, पीयू हे सगळं सागासाठी ठीक. किरीवर ते चट्टे पाडतं, लाकडाचं श्वास घेणं बंद करतं आणि खण फुगून-आकसून स्वतःला सांभाळायचा गुण जातो. अळशीचं तेल तर किरीला काळपट ठिपक्यांनी भरून टाकतं.

करण्यासारखी दुरुस्ती छोटीच असते. सुटलेला सांधा किंवा तळाची चीर जोडताना फेव्हिकॉलसारखा पांढरा गोंद टाळा; तो पुढच्या दुरुस्तीत सुटत नाही. जपानी सुतार यासाठी शिजवलेला भात पाटावर लाकडी पट्टीने चिकट, एकजीव होईपर्यंत मळून त्याची खळ वापरत. सरसही चालतो. चिरेत लांबी नको, त्याच लाकडाची पाचर हवी. लाकडी खिळा गेला असेल तर किंचित निमुळता बांबूचा खिळा तासून, आधी बारीक भोक पाडून, बसवा.

जपानमध्ये किरीचे तान्सू पूर्ण नवे करून देतात, ते योग्य की अयोग्य?

कपाट कोणतं यावर आहे. ताइशो-शोवा काळातला लग्नातला साधा किरीचा तान्सू असेल तर खुशाल. तिथली पद्धत अशी: लोखंड उतरवायचं, गरम पाण्याने धुवायचं, आठवडेच्या आठवडे वाळवायचं, चिरा किरीच्या पाचरांनी भरायच्या, वरून पातळ रंधा मारायचा, गवताच्या मुळांच्या कडक ब्रशने रेषा उठवायच्या, मग काढा-मातीचे हात आणि शेवटी मेण. काम महिनोन्महिने चालतं. मेइजीतला सेंदाई किंवा कोणताही फुना-दान्सू असेल तर मात्र हात लावू नका. त्याची किंमत त्या जुन्या पृष्ठभागातच आहे.

उरुशी म्हणजे आपली लाख का? अंगावर पुरळ येतं असं ऐकलं.

लाख किड्यापासून मिळते, उरुशी झाडाच्या चिकापासून. ते झाड बिब्बा, काजू आणि आंबा यांच्याच कुळातलं. बिब्ब्याने किंवा काजूच्या टरफलाच्या तेलाने ज्यांना फोड येतात, त्यांना ताज्या उरुशीनेही येऊ शकतात. पूर्ण कडक झालेली जुनी उरुशी सहसा काही करत नाही. पण ती घासली तर उडणाऱ्या धुळीचा भरवसा नाही, घासूच नका. उरुशी वाळायला उलट दमट हवा लागते, ७०–८० टक्के आर्द्रता. युद्धानंतरच्या जपानी दुरुस्त्यांत काजूच्या टरफलाच्या तेलापासून केलेलं स्वस्त लॅकरही सर्रास वापरलं गेलं. ते उरुशीसारखंच दिसतं, म्हणून 'मूळ उरुशी' या शब्दाला पुरावा मागा.

काइदान-दान्सू खरा जिना म्हणून वापरता येईल?

शोभेला ठेवा. पायऱ्या उभ्या आणि अरुंद असतात, कठडा नसतो, आणि भाग एकमेकांना जोडलेले नसतात, नुसते रचलेले असतात. घरात मुलं असतील तर वरचा भाग भिंतीला पट्ट्याने बांधा.

पाठीला भोक पाडून टीव्हीच्या वायरी काढू का?

पाठीची एक फळी काढून जपून ठेवा आणि त्या जागी भोक पाडलेली नवी फळी लावा. मूळ फळीवर मालकाचं नाव असेल तर तिला खिळाही मारू नका. आत सेट-टॉप बॉक्स ठेवणार असाल तर दार उघडं राहील अशी सोय करा. किरी उष्णता धरून ठेवतं.

खणात जुने जपानी कागद चिकटवलेत. काढून स्वच्छ करू?

राहू द्या. पुष्कळदा ते हिशेबाच्या वह्यांचे किंवा वर्तमानपत्रांचे कागद असतात आणि त्यावर तारीख असते. त्या तारखेनंतर कधीतरी कागद लावला, एवढं तरी नक्की कळतं. सुटलेला कोपरा पातळ तांदळाच्या खळीने, ब्रशच्या टोकाने चिकटवा आणि वर टीपकागद ठेवून रात्रभर पुस्तकाचं वजन द्या. बुरशीचा वास येत असेल तर कागद न काढता खण सावलीत, पंख्याखाली दोन-तीन दिवस उलटे ठेवा आणि कोरड्या ब्रशने बुरशी घराबाहेर झटका. कपडे ठेवायचे असतील तर वर आम्लरहित कागद किंवा धुतलेली मलमल अंथरा.